घाटात दम सोडणारा टर्बो ट्रक आणि इंजिनात जाणारी गरम हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहाचाकी ट्रक, सहा सिलिंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती दाबलेली, तापलेली हवा थंड करणारी जाळी), बीएस-४. भिवंडीच्या गोदामातून माल भरून नाशिकला जातो. एप्रिल लागल्यापासून दुपारी कसारा घाटात गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, एक गिअर खाली घ्यावा लागतो. रात्री तेवढाच माल घेऊन बिनतक्रार चढते. पाण्याचा काटा जागेवर आहे. गॅरेजवाल्याने मोठा इंटरकूलर बसवून त्यावर पाण्याचा फवारा लावायला सांगितलं आहे. लावावा का?

आत्ता लावू नका. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास मी वर्षानुवर्षं डिझेल गाड्यांचंच काम करतो, आणि उन्हाळ्यात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा कंपनीचाच इंटरकूलर पुरेसा असतो. कुठेतरी त्याची ताकद गेलेली असते. ती कुठे गेली हे न बघता नवीन सामान चढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी एक हिशेब करा. रात्री हवा २७ अंश आणि दुपारी कसाऱ्याच्या पायथ्याशी ४० अंश धरली, तर या १३ अंशांमुळे हवा सुमारे चार टक्के विरळ होते. चार टक्क्यांनी गाडी थोडी जड वाटेल, पण पूर्ण गिअर खाली घ्यावा लागणार नाही. म्हणजे तुमच्या गाडीत दोष आधीपासून आहे. रात्री तो झाकला जातो, दुपारच्या उन्हात उघडा पडतो. इगतपुरी साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी असतो. टर्बो ती उणीव भरून काढतो, पण त्यासाठी त्याला जास्त फिरावं लागतं. पण ही उंची रात्रीही तेवढीच असते, त्यामुळे दुपारचा दोष तिच्यावर टाकता येत नाही.

आता उष्णता येते कुठून ते बघू, कारण बरेच जण इथेच चुकतात. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असताना टर्बोने दीड बार बूस्ट (वाढीव दाब) दिला, तर टर्बोतून निघणारी हवा १६५ अंशांच्या आसपास जाते. चांगला इंटरकूलर त्या वाढलेल्या उष्णतेपैकी ८० टक्के काढून घेतो, म्हणजे मॅनिफोल्डला (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळीला) हवा साधारण ६० अंशांची पोचते. गाडीच्या डिझाइनमध्ये हेच धरलेलं असतं.

समजा एअर फिल्टर बाहेरची हवा न घेता इंजिनाजवळची ६० अंशांची हवा ओढतोय. टर्बोनंतर ती २०० अंशांवर जाईल. पण इंटरकूलर धडधाकट असेल तर मॅनिफोल्डला ६८ पर्यंतच पोचेल, म्हणजे सात-आठ अंशांचाच फरक. आता उलटं धरा: फिल्टरला बाहेरचीच हवा मिळते, पण इंटरकूलरची जाळी तुंबून तो ८० ऐवजी ६० टक्केच काम करतोय. मॅनिफोल्डची हवा ८८ अंशांवर गेली. आणि दोन्ही दोष एकत्र आले तर १०२ अंश. ६० ते १०२ या प्रवासात सिलिंडरमध्ये जाणारी हवा ११ टक्क्यांनी घटते. डिझेल मात्र जवळपास तेवढंच पडतं, म्हणून काळा धूर. तुमच्या गाडीचा धूर मला हेच सांगतो.

सारांश असा की सगळ्यात मोठा फरक जाळीतून आरपार वाहणाऱ्या बाहेरच्या हवेत आहे, आणि लोक मात्र सुरुवात फिल्टर बदलण्यापासून करतात.

"पाण्याचा काटा जागेवर आहे, म्हणजे समोरची हवा ठीक लागतेय" हा समज काढून टाका. पाण्याच्या बाजूला थर्मोस्टॅट आहे, फॅन आहे. रेडिएटरला हवा थोडी कमी पडली तर थर्मोस्टॅट जास्त उघडतो, फॅन जोरात लागतो आणि काटा हलत नाही. इंटरकूलरला सांभाळून घेणारं असं काहीच नसतं. हवा जितकी कमी, तितकी मॅनिफोल्डची उष्णता थेट वाढते. काटा हलायला लागेपर्यंत इंटरकूलर कधीचा हरलेला असतो.

भिवंडीची गाडी म्हटल्यावर मी पहिल्यांदा जाळीच बघेन. लूमचा कापूस हवेत उडतो, तो इंटरकूलरच्या जाळीवर बसतो, त्यावर रस्त्याची धूळ, आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेलाची वाफ येत असेल तर तिचा चिकटा. या तिघांची मिळून नमद्यासारखी गादी तयार होते. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण सर्व्हिस स्टेशनवाला समोरून पाणी मारतो. कचरा साठतो तो इंटरकूलरची पाठ आणि रेडिएटरचं तोंड यांच्या मधल्या फटीत. पाणी मारून तो आणखी आत दाबला जातो. त्या फटीत वरून बॅटरी मारून बघा. काहीच दिसत नसेल तर इंटरकूलरचे वरचे बोल्ट काढून तो पुढे कलता करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण एकदा कराच. हाताने सोललं तर कधी कधी अख्खा थर चादरीसारखा निघतो.

साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, जाळीला सरळ काटकोनात. प्रेशर वॉशरची नळी हातभर लांब धरा, तिरकी धरली तर अ‍ॅल्युमिनियमची पातं वाकतात आणि वाकलेलं पात म्हणजे बंद झालेली वाट. ज्या गाड्या उरण, न्हावा शेवा, शिवडी बंदराच्या बाजूला उभ्या राहतात, त्यांच्या जाळीवर खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरते. बोट फिरवल्यावर पातं चुरा होऊन पडत असतील, तर साफसफाईचा उपयोग नाही, कोर, म्हणजे जाळीचा अख्खा गाभा, बदलावाच लागेल. तो त्याच मापाचा घ्या.

जाळी साफ झाली की कडेच्या पट्ट्या बघा. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या भोवती रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या असतात. ही फालतू वस्तू समजून काम करताना काढून टाकतात आणि परत कोणी लावत नाही. पट्टी नसली की हवा जाळीतून जायचं सोडून कडेने निसटते. त्याहून वाईट म्हणजे गाडी उभी असताना किंवा रखडत चालताना, रेडिएटरमधून मागे गेलेली गरम हवा कडेच्या फटीतून पुन्हा पुढे येते आणि फॅन तीच परत ओढतो. घोडबंदरला गायमुखच्या जाममध्ये किंवा माणकोलीला तासभर रखडलेली गाडी जाम सुटल्यावर पहिली काही मिनिटं ओढत का नाही, याचं एक उत्तर इथे आहे. नागदेवी स्ट्रीटवर रबराच्या पट्ट्या मीटरवर मिळतात. या सगळ्या कामात पैशाच्या मानाने सर्वात जास्त फायदा देणारी वस्तू कोणती असेल तर ती हीच.

फॅनकडेही लक्ष द्या. तुमच्या गाडीत व्हिस्कस फॅन (आतल्या सिलिकॉन तेलाच्या पकडीवर फिरणारा) असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवून बघा. त्याला थोडा अडसर जाणवला पाहिजे. मोकळा गरगर फिरत असेल, किंवा मधल्या डबीवर तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसत असेल, तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय. घाटात गाडीचा वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर असतो, समोरून वाऱ्याचा मारा जवळपास नसतोच. तेव्हा इंटरकूलरला मिळणारी हवा म्हणजे निव्वळ फॅनची हवा. फॅनभोवतीचं कव्हर तुटलेलं असेल तर तेही बसवून घ्या.

इथेच ड्रायव्हरचाही भाग येतो. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी दाबून चालवली की इंजिनाचे फेरे पडतात, त्याबरोबर फॅनचेही पडतात, आणि लोड मात्र पूर्ण असतो. हवा सर्वात जास्त तापायची वेळ आणि फॅन सर्वात हळू फिरायची वेळ एकच येते. चढ लागायच्या आधीच गिअर खाली घेऊन फेरे राखले तर मॅनिफोल्डची हवा चांगलीच उतरते. ड्रायव्हरला सांगताना कारणही सांगा. नुसतं "गिअर लवकर टाक" म्हटलं तर त्याला वाटतं मालक डिझेल वाया घालवायला सांगतोय.

काळ्या धुराचं दुसरं मोठं कारण लीकेज. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या नळ्यांमध्ये कुठेही हवा सुटत असेल तर बूस्ट भरून काढायला टर्बो जास्त जोरात फिरतो आणि हवा आणखी तापवतो. लोडवर शिट्टीसारखा आवाज येतो का, होजच्या तोंडाशी तेलकट काळा डाग आहे का, ते बघा. पक्की तपासणी अशी: इंटरकूलरची दोन्ही तोंडं बंद करून आत ३० पीएसआय हवा भरायची, हवेचा वाल्व बंद करून १५ सेकंद थांबायचं. दाब पाच ते सात पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर कोर फुटलेला आहे. साबणाचं पाणी लावलं की जागा सापडते, बहुधा इंटरकूलरच्या कडेची टाकी आणि नळ्यांच्या जोडाशी, कोपऱ्यात. एक गोष्ट कळकळीने सांगतो: बंद केलेली बुचं साखळीने गाडीला बांधल्याशिवाय हवा भरू नका. ३० पीएसआयचं बूच निसटलं तर समोरच्याचा डोळा जाऊ शकतो.

होज बदलताना रेडिएटरची साधी होज टर्बोच्या गरम बाजूला लावलेली मी पुष्कळदा बघतो. ती १६५ अंशांना टिकणारी नसते. आतून तिचे पदर सुटतात आणि लोडवर आत ओढले जाऊन वाट अडवतात. बाहेरून मात्र होज ठणठणीत दिसते. सिलिकॉनचीच घ्या, आणि साध्या पट्टीच्या क्लिपऐवजी बोल्टचा रुंद क्लॅम्प लावा.

इंटरकूलर काढलाच आहे तर आत बोट घालून बघा. थोडा तेलाचा ओलावा चालतो. वाटीभर तेल निघत असेल तर टर्बोची सील किंवा इंजिनाचा ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा वायू) तपासा, आणि कोर आतून धुवून घ्या. धुतल्यावर तो पूर्ण वाळला पाहिजे. आत तेल किंवा धुण्याचं द्रावण राहिलं आणि ते इंजिनाने ओढलं, तर डिझेल इंजिन त्याच्यावरच चालू लागतं, चावी बंद करूनही थांबत नाही आणि फेरे हाताबाहेर जातात. कॉस्टिकही वापरू नका, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं.

फिल्टरच्या बाजूला वेळ कमी लागेल. तुमची गाडी टिल्ट केबिनची आणि हवेची उंच नळी केबिनला लावलेली असेल, तर केबिन आणि चेसिस यांच्या मध्ये रबराचा एक बेलो असतो. केबिन खाली आली की तो दाबला जाऊन जोड बंद होतो. हा बेलो फाटला की फिल्टर थेट इंजिनावरची तापलेली हवा ओढतो, आणि पावसाळ्यात पाणीही. केबिन उचलली की आधी तिकडे बघत जा. फिल्टर चोक झाला की दाखवणारा इंडिकेटर लाल झाला असेल तर फिल्टर बदला. बहुतेक डिझेल इंजिनांना फिल्टरचा अडथळा पाण्याच्या २५ इंचांपर्यंतच मान्य असतो. कॉम्प्रेसरने जोरात हवा मारून कागद फोडण्यात अर्थ नाही, बारीक भोकातून गेलेली धूळ टर्बोची पातं आणि लायनर दोन्ही खाते. आणि कारला लावतात तसा उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. तो गरम हवाही ओढतो आणि कसाऱ्याची धूळही.

नळ्यांना पट्टी गुंडाळण्याबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. टर्बोतून इंटरकूलरकडे जाणारी नळी गुंडाळू नका. तिच्यातली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते, ती वाटेत थोडी थंड झाली तर चांगलंच आहे. गुंडाळून तुम्ही उष्णता आत कोंडता. थंड बाजूची, म्हणजे इंटरकूलरकडून मॅनिफोल्डकडे येणारी नळी सायलेंसरजवळून जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा करा. त्यातून फार मोठा फायदा होत नाही, कारण हवा त्या नळीतून क्षणात निघून जाते. खरं काम टर्बोच्या आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या भागाच्या) मूळच्या पत्र्याचं आहे. कामाच्या वेळी तो काढून बाजूला ठेवतात आणि तो गॅरेजमध्येच राहतो. तुमच्या गाडीवर आहे का बघा, नसेल तर शोधून परत बसवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळणं मला पसंत नाही: बिडाचा मॅनिफोल्ड जास्त तापून तडकतो, आणि पट्टीत डिझेल किंवा तेल मुरलं तर आग लागते.

आता तुमचा फवारा. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, ती ताकद खरी आहे. जाळी तापलेली असल्यामुळे मुंबईच्या दमट हवेतही जाळीवर मारलेल्या पाण्याची वाफ होते आणि काही मिनिटं फरक पडतो. पण पाणी कुठलं? बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी रोज मारलं की क्षार पातांवर बसतात आणि ते साफ करणं कापसापेक्षा कठीण. तुंबलेल्या जाळीवर मारलं तर धुळीचा चिखल होऊन उरलेली वाट बंद होते. फिल्टरच्या तोंडाशी धुकं सोडायची कल्पना तर सोडूनच द्या. मे महिन्यात मुंबईत ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना पाणी हवेला जास्तीत जास्त २७ अंशांपर्यंतच उतरवू शकतं, आणि ओला झालेला कागदी फिल्टर त्याहून जास्त नुकसान करतो. वाफेने भरलेल्या हवेत प्राणवायूही कमी मावतो. जूनच्या पावसात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा साडेतीन टक्के जागा वाफेनेच घेतलेली असते, आणि तेव्हाही गाडी घाट चढतेच.

मोठ्या इंटरकूलरला माझा विरोध दोन कारणांसाठी. समोरची जागा तेवढीच असते, म्हणून "मोठा" म्हणजे जाड. जाड कोरमधून रेडिएटरला हवा कमी मिळते, मग आज जागेवर असलेला पाण्याचा काटा उद्या वर जाईल. आणि आतली जागा वाढली की ती भरायला टर्बोला वेळ लागतो, पिकअप उशिरा येतो. ज्या गाडीचं डिझेल वाढवलेलं आहे, तिथे मोठ्या इंटरकूलरचा विचार करता येतो. यावरून आठवलं, तुम्ही गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाने सेटिंग बदलून डिझेल वाढवलंय का ते स्कॅनरवाल्याकडून तपासून घ्या. तसं असेल तर धूर आणि उष्णता दोन्हींचा खुलासा तिथेच होईल, आणि सेटिंग मूळ जागी आणणं हाच उपाय.

डिझेलही तापतं. टाकी पाव भरलेली असेल तर इंजिनाकडून परत आलेलं गरम डिझेल तेच तेच फिरतं, आणि दर दहा अंशांना त्याची घनता जवळपास पाऊण टक्क्याने घटते. दुपारचा घाट असेल तर टाकी निम्म्याच्या वर ठेवा.

कशाला हात लावण्याआधी मोजमाप घ्या. उष्णता मोजणारी लेझरची बंदूक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर रोखली तर ती आकडा खूपच कमी दाखवते. नळीवर काळ्या रंगाचा ठिपका द्या, वाळू द्या आणि त्याच्यावर रोखा. त्याहून चांगलं म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून दोन तारांचा थर्मोकपल मीटर (तारेच्या टोकाशी उष्णता मोजणारा) आणा. एक टोक इंटरकूलरच्या बाहेर पडणाऱ्या नळीला घट्ट बांधा, वरून फोमचा तुकडा ठेवा, दुसरं टोक बंपरपुढे मोकळ्या हवेत, आणि मीटर केबिनमध्ये. नळीचा पत्रा आतल्या हवेपेक्षा थोडा कमी दाखवेल, पण आधी-नंतरच्या तुलनेला तेवढं पुरतं. स्कॅनर लावून मॅनिफोल्डचा सेन्सर वाचता येत असेल तर उत्तमच, फक्त ईजीआरच्या (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या) गाडीत तो सेन्सर धूर मिसळल्यानंतरच्या जागी असेल तर आकडा मुळातच वर दिसतो, त्यावरून इंटरकूलरला दोष देऊ नका. आणि त्या सेन्सरवर काजळीचा थर असेल तर पुसून घ्या. हवा फार गरम आहे असं ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दिसलं की बऱ्याच गाड्यांत तो स्वतःच ताकद कमी करतो, त्याची नोंद स्कॅनरमध्ये सापडते.

पूर्ण लोडवर, चढावर, इंटरकूलरनंतरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा २० ते ३० अंशांनी वर असेल तर इंटरकूलर ठीक आहे आणि दोष दुसरीकडे शोधावा लागेल, म्हणजे डिझेल, इंजेक्टर, टर्बोचा वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप). फरक ४५-५०च्या पुढे असेल तर जाळी, पट्ट्या, फॅन आणि लीकेज, याच क्रमाने जा.

तुम्ही असं करा: या आठवड्यात दुपारच्या फेऱ्यात, कसारा घाटाच्या एकाच ठरावीक वळणावर दोन्ही आकडे आणि गिअर लिहून घ्या. मग जाळी दोन्ही बाजूंनी साफ करून पट्ट्या लावा आणि तेवढ्याच मालावर, त्याच वळणावर पुन्हा वाचा. दोन्ही वेळचे आकडे मला कळवा, त्यावरून लीक टेस्ट आधी करायची की इंजेक्टर उतरवायचे ते सांगता येईल.